मार्केट यार्डातली मूठ: निवडतत्त्वं आणि आयडियल अभिसरण शिकायला सुरुवात कुठून करावी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचा विषय शोधत माझ्याकडे सांगलीला येतात. कुणी मिरजेहून, कुणी विट्याहून, कुणी तासगावहून एसटीनं. हातात टोपॉलॉजीतल्या सिलेक्शन प्रिन्सिपल्सवरच्या, म्हणजे निवडतत्त्वांवरच्या, एखाद्या शोधनिबंधाची प्रिंट असते. पहिल्याच पानावर एस-वन, एस-फिन, कंसात गॅमा आणि ओमेगा, पुढे आयडियल. तिसऱ्या पानाचा कोपरा दुमडलेला, कारण वाचन तिथंच अडलेलं.

दोष मुलांचा नसतो. या विषयात शिरायची वाट कुणी दाखवलेली नसते. शोधनिबंध जाणकारांसाठी लिहिलेले असतात, त्यात व्याख्या आधी आणि उदाहरणं नंतर, कधी कधी उदाहरणं नसतातच. इथे मी उलटा क्रम देतोय. वही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर एवढं जवळ ठेवा.

आधी काय यायला हवं

मेट्रिक स्पेस (स्पेस म्हणजे अवकाश), ओपन सेट (आपल्या परिभाषेत विवृत संच), संतत फलन, कॉम्पॅक्टनेस, आणि मोजता येणारा संच (ज्याचे घटक पहिला, दुसरा, तिसरा असे रांगेत लावता येतात तो) म्हणजे काय हे. बस. होमॉलॉजी, मॅनिफोल्ड यातलं काही लागत नाही. स्वतःची परीक्षा घ्यायची तर शून्य ते एक हा बंद अंतराल कॉम्पॅक्ट आहे याची सिद्धता पुस्तक मिटून लिहून बघा. जमली तर पुढे या. नाही जमली तर आठवडाभर तेवढंच करा, तो आठवडा वाया जात नाही.

पहिली पायरी: मूठ आणि एकेक

हंगामात आमच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघायला जा. पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. खरेदीदार पोत्यात हात घालतो, मूठभर हळकुंडं काढतो, एखादं मोडून आतला रंग बघतो. सगळं पोतं कुणी उलटं करत नाही. या पोत्यातली मूठ, त्या पोत्यातली मूठ, आणि त्यावरून मालाचा अंदाज.

निवडतत्त्व म्हणजे हेच. फक्त पोत्याच्या जागी आवरण ठेवायचं. आवरण म्हणजे विवृत संचांचा असा समूह, की अवकाशातला प्रत्येक बिंदू त्यातल्या निदान एका संचात सापडतो. कॉम्पॅक्टनेसमध्ये आपल्याला एकच आवरण मिळतं आणि त्यातून सांत, म्हणजे मोजके, संच निवडून सगळं झाकायचं असतं. इथे आवरणं अनंत मिळतात: पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरं, तिसऱ्या दिवशी तिसरं. रोजच्या आवरणातून मूठभर (सांत) संच उचलायचे आणि सगळ्या दिवसांचे मिळून अवकाश झाकायचा. कुठलीही आवरणं समोर आली तरी हे जमत असेल तर त्या अवकाशाला मेंगर अवकाश म्हणतात, चिन्हांत एस-फिन. रोज एकच संच उचलायची मुभा असेल आणि तरीही जमत असेल, तर तो रोथबर्गर अवकाश, चिन्हांत एस-वन. चिन्हात एसनंतर येणारं 'वन' किंवा 'फिन' उचलायची मर्यादा सांगतं, कंसातलं पहिलं अक्षर कुठल्या प्रकारच्या आवरणातून उचलायचं ते, आणि दुसरं अक्षर उचललेल्यांचं मिळून काय व्हायला हवं ते. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. चिन्हांची निम्मी भीती तिथंच जाते.

आता चार अवकाश हातानं तपासा. वाचून पुढे जाऊ नका, लिहा.

पहिला, मोजता येणारा संच, उदाहरणार्थ परिमेय संख्या. बिंदू रांगेत लावा. पहिल्या दिवशी पहिला बिंदू ज्यात आहे तो संच उचला, दुसऱ्या दिवशी दुसरा बिंदू ज्यात आहे तो. रोज एक पुरतो. रोथबर्गर.

दुसरा, शून्य ते एक. याला मी आयर्विन पूल म्हणतो. कृष्णेवरचा हा पूल १९२९ सालचा, सांगलीतल्या प्रत्येकानं चाललेला. समजा पुलावर रात्री दिवे लावायचेत. पहिल्या दिवशी दुकानात असे दिवे आहेत, की प्रत्येकाचा उजेड पुलाच्या पाव लांबीहून कमी पडतो. दुसऱ्या दिवशीच्या दिव्यांचा एक अष्टमांशाहून कमी, तिसऱ्या दिवशी एक सोळांशाहून कमी, असं पुढे. कुठल्याही एका दिवसाचे सगळे दिवे लावले तर पूल पूर्ण उजळतो, म्हणजे ते आवरण आहेच. पण रोज एकच दिवा घेतला तर एकूण उजेड पाव अधिक अष्टमांश अधिक सोळांश… म्हणजे अर्ध्या पुलाहून कमी. पुलाचा काही भाग अंधारात राहणारच. म्हणून हा अवकाश रोथबर्गर नाही. इथे एक सूचना: एकूण लांबी अर्ध्याहून कमी असलेल्या अनंत अंतरालांनी पूल झाकला जात नाही, हे 'उघड आहे' म्हणून सोडू नका. सिद्ध करा. त्यात कॉम्पॅक्टनेस नेमका कुठे लागतो ते सापडलं, की कॉम्पॅक्टनेस पहिल्यांदा नीट कळतो. मूठभर घ्यायची मुभा असेल तर मात्र पहिल्याच दिवशी काम संपतं, कारण पूल कॉम्पॅक्ट आहे.

तिसरा, अख्खी वास्तव संख्यारेषा. ती कॉम्पॅक्ट नाही, पण पहिल्या दिवशी उणे एक ते एक एवढा भाग मूठभर संचांनी झाका, दुसऱ्या दिवशी उणे दोन ते दोन, आणि चालत राहा. मेंगर. मोजता येतील इतक्या कॉम्पॅक्ट तुकड्यांत मावणाऱ्या कुठल्याही अवकाशाला हीच युक्ती चालते. अशा अवकाशांना सिग्मा-कॉम्पॅक्ट म्हणतात.

चौथा अवकाश माझा आवडता: शून्य आणि एकच्या मधल्या अपरिमेय संख्या. यातली प्रत्येक संख्या कंटिन्यूड फ्रॅक्शननं (अपूर्णांकाच्या छेदात पुन्हा अपूर्णांक, असं पुढे) नैसर्गिक संख्यांच्या एका अनंत क्रमिकेसारखी (सिक्वेन्स) लिहिता येते, आणि जवळच्या संख्यांच्या क्रमिका सुरुवातीला सारख्या असतात. तेव्हा बिंदू म्हणजे क्रमिका. क-व्या दिवसाचं आवरण असं करा: ज्यांचं क-वं पद १ आहे ते सगळे बिंदू एका संचात, २ आहे ते दुसऱ्यात, ३ आहे ते तिसऱ्यात. आता रोज मूठभर उचला. मूठ कितीही मोठी घेतली तरी त्या दिवशी उचललेल्या संचांचा एक सर्वांत मोठा क्रमांक असणार. पहिल्या दिवशी तो ५ असेल, दुसऱ्या दिवशी १७, तिसऱ्या दिवशी १०००. मग ६, १८, १००१ अशी, प्रत्येक जागी एकानं वाढवलेली क्रमिका बघा. ती कुठल्याच दिवशीच्या मुठीत आलेली नाही. म्हणून अपरिमेय संख्या मेंगर नाहीत.

ही युक्ती फळ्यावर लिहिली की वर्ग क्षणभर गप्प होतो. तो क्षण मला दरवर्षी तितकाच आवडतो.

इतिहासाचं थोडं सांगायला हवं, कारण त्यात एक सापळा आहे. गणिती मेंगरनं हा गुणधर्म १९२४ साली मांडला, हुरेविचनं १९२५ साली त्याला आवरणांतून निवड करण्याचं आजचं रूप दिलं. मेंगरचा अंदाज होता, की मेट्रिक अवकाशांमध्ये हा गुणधर्म असणं म्हणजे सिग्मा-कॉम्पॅक्ट असणं. वरची चार उदाहरणं बघून कुणालाही तेच वाटेल. मलाही वाटलं होतं, आणि विद्यार्थी असताना एका सेमिनारमध्ये मी ते प्रमेय म्हणून फळ्यावर लिहिलंही. मागच्या बाकावरून एका ज्येष्ठ शिक्षकांनी शांतपणे विचारलं, "सिद्धता?" माझ्याकडे नव्हती, असणं शक्यही नव्हतं. फ्रेमलिन आणि मिलर यांनी १९८८ साली दाखवलं, की सेट थिअरीच्या नेहमीच्या गृहीतकांवरूनच वास्तव संख्यांचा असा उपसंच मिळतो जो मेंगर आहे पण सिग्मा-कॉम्पॅक्ट नाही. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: चार उदाहरणं जुळली म्हणून प्रमेय लिहू नका.

रोथबर्गरच्या गुणधर्माची (१९३८) गोष्ट याहून खोल जाते. मोजता न येणारा रोथबर्गर संच वास्तव संख्यांमध्ये आहे का? कंटिन्युअम हायपोथिसिस (नैसर्गिक संख्या आणि वास्तव संख्या यांच्या मधल्या आकाराचा अनंत संच नसतो हे गृहीतक) मानलं तर आहे. पण १९७६ साली लेव्हरनं सेट थिअरीचं असं विश्व उभं करून दाखवलं, जिथे असे सगळे संच मोजता येणारेच असतात. नेहमीच्या गृहीतकांवरून उत्तर ठरतच नाही. पुढे कधी शोधनिबंधात 'बी', 'डी', 'पी' अशी छोटी अक्षरं कार्डिनल (अनंत संचांचे आकार) म्हणून भेटतील, ती याच मुलखातली. सध्या त्यांना वळसा घाला.

दुसरी पायरी: गॅमा आवरण

साध्या आवरणात प्रत्येक बिंदू निदान एका संचात असतो. गॅमा आवरण म्हणजे अनंत संचांचं असं आवरण, की प्रत्येक बिंदू मोजके अपवाद सोडून बाकी सगळ्या संचांत असतो. अपवाद किती, हे बिंदूगणिक बदलेल. एकाला तीन, दुसऱ्याला तीन हजार. पण सांत.

ओमेगा आवरणात बिंदूंचा प्रत्येक सांत गट कुठल्या तरी एका संचात अख्खा मावतो. ही व्याख्या लिहून ठेवा आणि पुढे चला, आज तिचं काम नाही. एवढंच माहीत असू द्या, की १९८२ साली गेर्लिट्स आणि त्याच्या सहकाऱ्यानं ओमेगा आवरणांचा एक गुणधर्म आणि संतत फलनांच्या अवकाशाचा एक गुणधर्म एकच असल्याचं सिद्ध केलं, आणि आवरणांकडून फलनांकडे जाणारा रस्ता रुंद झाला. मॅरियन शीपर्सनं १९९६ पासून हे सगळे गुणधर्म एका पद्धतीत बसवले. आज जी चिन्हं सगळे वापरतात ती त्याची.

तिसरी पायरी: क्षचा न-वा घात, कॅल्क्युलेटर घेऊन

आता आवरणं बाजूला ठेवा. शून्य ते एकवर फलनांची क्रमिका घ्या: पहिलं फलन क्ष, दुसरं क्षचा वर्ग, तिसरं क्षचा घन, न-वं क्षचा न-वा घात. एकच्या अलीकडे सगळीकडे किंमती शून्याकडे जातात, एकवर एकच राहतात. हे बिंदुशः अभिसरण. एकसमान अभिसरण (सगळे बिंदू एकाच टप्प्यापासून जवळ येणं) इथे नाही, हे पदवीच्या वर्गात शिकलेलं असतं.

या दोन्हींच्या मध्ये एक तिसरं अभिसरण आहे: क्वासीनॉर्मल अभिसरण. त्यात शून्याकडे जाणारी मर्यादांची एकच क्रमिका सगळ्या बिंदूंसाठी ठरवायची, उदाहरणार्थ एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश… मग प्रत्येक बिंदूनं आपापल्या एका टप्प्यानंतर ती पाळायची. मर्यादा सगळ्यांना सारखी, टप्पा ज्याचा त्याचा.

आपल्या उदाहरणात न-वी मर्यादा एक भागिले न अशी ठेवून हिशेब करा. क्ष ०.५ असेल तर पहिल्या पदापासूनच मर्यादा पाळली जाते. क्ष ०.९ असेल तर तेहेतिसाव्या पदाला किंमत सुमारे ०.०३०९, मर्यादा ०.०३०३, थोडक्यात हुकतं. चौतिसाव्यापासून पुढे कायम जमतं. क्ष ०.९९ असेल तर थेट ६४४ व्या पदापासून. एकच्या जवळ जावं तसा टप्पा लांबत जातो, पण प्रत्येकाला तो असतोच. म्हणजे ही क्रमिका एकसमान नसली तरी क्वासीनॉर्मल आहे. हे तीन आकडे स्वतः काढून बघा. व्याख्येत 'प्रत्येक क्षसाठी' हे शब्द कुठे येतात आणि का येतात, हे आकडे काढताना बोटांना कळतं.

एका क्रमिकेवरून अवकाशाला प्रमाणपत्र मात्र देऊ नका. संतत फलनांची प्रत्येक क्रमिका, जी बिंदुशः शून्याकडे जाते, ती क्वासीनॉर्मलही असेल, तर त्या अवकाशाला क्यूएन-अवकाश म्हणतात. निदान एखादी उपक्रमिका क्वासीनॉर्मल निघाली तर डब्ल्यूक्यूएन. या दोन कल्पना स्लोव्हाकियातल्या कोशित्सेचे बुकोव्स्की आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९१ साली मांडल्या. शून्य ते एक या दोन्हींत बसत नाही. आपलं घातांचं उदाहरण नशिबानं चांगलं निघालं इतकंच.

चौथी पायरी: सांधा

इथे थांबा, चहा घ्या, आणि मग ही पायरी चढा. मुलांनी आणलेले कोपरा दुमडलेले सगळे शोधनिबंध या सांध्यावर उभे असतात.

संतत फलनांची क्रमिका घ्या, बिंदुशः शून्याकडे जाणारी. क-व्या दिवशी असे संच तयार करा: न-व्या संचात ते बिंदू, जिथे न-व्या फलनाची किंमत (चिन्ह सोडून) एक भागिले दोनचा क-वा घात याहून कमी आहे. फलन संतत आहे, म्हणून संच विवृत. क्रमिका बिंदुशः शून्याकडे जाते, म्हणून प्रत्येक बिंदू मोजके अपवाद सोडून त्या दिवसाच्या सगळ्या संचांत. म्हणजे रोज एक गॅमा आवरण हातात येतं. बिंदुशः अभिसरणाचंच हे दुसरं लेखन झालं.

आता समजा अवकाशाला एस-वन (गॅमा, गॅमा) हा गुणधर्म आहे: रोजच्या गॅमा आवरणातून एकेक संच उचलता येतो आणि उचललेल्यांचं पुन्हा गॅमा आवरण होतं. क-व्या दिवशी एक संच उचलला म्हणजे एक फलन उचललं. उचललेल्यांचं गॅमा आवरण झालं म्हणजे प्रत्येक बिंदूसाठी, मोजके दिवस सोडून, क-व्या दिवशी उचललेल्या फलनाची किंमत एक भागिले दोनचा क-वा घात याहून कमी आहे. ही क्वासीनॉर्मल अभिसरणाची व्याख्याच आहे. मर्यादा सगळ्यांना सारखी, टप्पा ज्याचा त्याचा. म्हणून एस-वन (गॅमा, गॅमा) असलेला अवकाश डब्ल्यूक्यूएन असतो.

सिद्धता एवढीच. पण दोन बारीक भोकं आहेत, ती बुजवा. एक: उचललेल्या फलनांचे क्रमांक वाढते हवेत, तरच ती उपक्रमिका. त्यासाठी क-व्या दिवशीच्या आवरणातले सुरुवातीचे काही संच काढून टाका आणि शेवटी गरजेनुसार मधले काही दिवस गाळा. दोन: एखाद्या दिवशी तोच संच अनंत वेळा आला तर? मग तो अख्खा अवकाशच असणार. का ते लिहा. तो वेगळा हाताळायला सोपा आहे.

उलट दिशेनं, डब्ल्यूक्यूएन असेल तर एस-वन (गॅमा, गॅमा) असतंच का, हा शीपर्सनं विचारलेला प्रश्न. त्यावर बरंच काम झालंय. प्रोजेक्ट करणाऱ्यानं त्याचं विधान नीट समजून घ्यावं, हात घालू नये.

पाचवी पायरी: 'मोजके'च्या जागी 'नगण्य'

वरच्या सगळ्या व्याख्यांमध्ये 'मोजके अपवाद सोडून' हे शब्द आलेत. आयडियल अभिसरण म्हणजे त्या शब्दांची अदलाबदल.

नैसर्गिक संख्यांच्या उपसंचांपैकी कुठले नगण्य मानायचे ते ठरवा. अटी अशा: नगण्याचा तुकडा नगण्य, दोन नगण्यांचा संयोग नगण्य, प्रत्येक सांत संच नगण्य, आणि सगळ्या नैसर्गिक संख्यांचा संच नगण्य नाही. या समूहाला आयडियल म्हणतात. क्रमिका एका संख्येकडे त्या आयडियलनुसार जाते, याचा अर्थ कुठलाही एप्सिलॉन (शून्याहून मोठी, हवी तेवढी लहान संख्या) घेतला तरी जिथे अंतर एप्सिलॉनपेक्षा कमी राहत नाही ती पदं नगण्य. कोस्तिर्को, शलात आणि विल्चिन्स्की यांनी ही व्याख्या २००० च्या सुमारास मांडली. तिच्यामागे १९५१ सालचं, फास्त आणि श्टाइनहाउस यांचं सांख्यिकीय अभिसरण आहे.

एक आयडियल घनतेचा: ज्या संचाचं प्रमाण शून्याकडे जातं तो नगण्य. पूर्ण वर्ग बघा. १०० पर्यंत १०, म्हणजे दहा टक्के; १०,००० पर्यंत १००, म्हणजे एक टक्का; १० लाखांपर्यंत १०००, टक्क्याचा दहावा भाग. नगण्य. म्हणून जी क्रमिका पूर्ण वर्गांवर न इतकी आणि बाकी शून्य असते, ती नेहमीच्या अर्थानं भटकते, पण या आयडियलनुसार शून्याकडे जाते.

दुसरा आयडियल बेरजेचा: ज्या संचातल्या संख्यांच्या व्यस्तांची बेरीज सांत, तो नगण्य. पूर्ण वर्ग इथेही नगण्य. पण मूळ संख्या घ्या. १०० पर्यंत २५, १००० पर्यंत १६८, १०,००० पर्यंत १२२९. प्रमाण शून्याकडे जातंय, तेव्हा घनतेनुसार नगण्य. त्यांच्या व्यस्तांची बेरीज मात्र अनंत होते, हे ऑयलरनं १७३७ साली दाखवलं. म्हणजे मूळ संख्यांवर एक आणि बाकी शून्य अशी क्रमिका पहिल्या आयडियलनुसार शून्याकडे जाते, दुसऱ्यानुसार जात नाही. आयडियल कुठला ते न सांगता 'अभिसरण पावते' असं लिहिलं तर वाक्य अपुरं राहतं.

आणखी एक उदाहरण वहीत हवंच. नैसर्गिक संख्या दोनच्या घातांनी वाटा: विषम संख्या पहिल्या वाट्यात, दोननं भाग जाणाऱ्या पण चारनं न जाणाऱ्या दुसऱ्यात, चारनं जाणाऱ्या पण आठनं न जाणाऱ्या तिसऱ्यात. जो संच मोजक्याच वाट्यांना शिवतो तो नगण्य. पहिल्या वाट्यावर किंमत १, दुसऱ्यावर एक द्वितीयांश, तिसऱ्यावर एक तृतीयांश अशी क्रमिका घ्या: १, १/२, १, १/३, १, १/२, १, १/४… ती या आयडियलनुसार शून्याकडे जाते. पण कुठलाही नगण्य संच काढून टाका, उरलेल्यात एखादा वाटा अख्खा शिल्लक असतो आणि त्यावरची किंमत अनंत वेळा येत राहते. म्हणजे नगण्य पदं वगळली की उरलेली क्रमिका साध्या अर्थानं शून्याकडे जाते, हा समज इथे कोसळतो. ज्या आयडियलांत तो टिकतो त्यांना पी-आयडियल म्हणतात. घनतेचा आयडियल त्यातला.

आता सांध्याकडे परत या. गॅमा आवरणाच्या व्याख्येत 'मोजके'च्या जागी 'नगण्य' घाला, क्वासीनॉर्मलच्या व्याख्येतही घाला, आणि चौथ्या पायरीची सिद्धता ओळीओळीनं पुन्हा लिहा. बुकोव्स्की, शुपिना आणि कोलकात्याच्या जाधवपूर विद्यापीठातले प्रतुलानंद दास यांचं काम याच दिशेचं आहे. वरची वही भरली असेल तर त्यांच्या शोधनिबंधातल्या व्याख्या तुम्हाला ओळखीच्या वाटतील. आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर गणितातल्या जनरल टोपॉलॉजी विभागात अशा शोधनिबंधांच्या प्रती मिळतात, त्यासाठी कोल्हापूरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात खेप घालावी लागत नाही. पदवीच्या मुलांना मी एमटीटीएसच्या (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) उन्हाळी शिबिरासाठी अर्ज करायला लावतो. १९९३ पासून चाललेल्या त्या शिबिरात स्वतः सिद्धता लिहायची सवय लागते, आणि या विषयाला तीच लागते.

सिद्धता पुन्हा लिहिताना बहुतेक ओळी जशाच्या तशा उतरतात. आवरणातले सुरुवातीचे संच काढणंही चालतं, कारण सांत संच नगण्य असतात. एका ओळीवर मात्र पेन्सिलीनं खूण करा: 'गरजेनुसार मधले काही दिवस गाळा'. साध्या अभिसरणात उपक्रमिका मूळ क्रमिकेचा गुण टिकवते. आयडियलच्या जगात तसं नाही. पूर्ण वर्गांची ती क्रमिका आठवा: शून्याकडे जाणारी, पण फक्त वर्गांवरची पदं ठेवली तर १, ४, ९, १६ अशी वाढतच जाणारी. दिवस गाळताना नेमके चांगले दिवस गेले तर उरलेले अपवाद नगण्य राहतीलच असं नाही. तेव्हा क्रमांक वाढते राहावेत याची तजवीज निवड करण्याआधीच करावी लागते, किंवा व्याख्येतच उपक्रमिकेऐवजी फलनांची निवडलेली क्रमिका असं म्हणावं लागतं. दोन्ही वाटा लिहून बघा, घनतेचा आयडियल घेऊन.